रुमाल काढला की हसायचं

"हसा," मी म्हणालो.

सव्वीस मुलं गोलात उभी राहून माझ्याकडं बघत होती. कुणाच्या ओठाची कड हलली नाही.

"हसा म्हणतोय ना मी!"

सुतारांचा बाळू रडायला लागला. वास्तविक मी त्याला एकट्याला काही बोललो नव्हतो. माझ्या हातात निरगुडीची छडी होती हे खरं, पण ती आपली सवयीनं होती.

"बाळ्या, रडायचं नाही. आज आपल्याला खेळायचंय. मोकळं व्हायचंय."

"व्हय गुर्जी," सगळी एका सुरात म्हणाली, आणि हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून उभी राहिली. माझा आवाज चढला की असं उभं राहायचं, हे मीच त्यांना शिकवलं होतं. शिकवलेलं विसरत नाहीत म्हणून एरवी मला त्यांचा अभिमान वाटायचा.

ही गोष्ट जुनी, त्या गावात फोनची तार पोचली नव्हती तेव्हाची. मी आप्पाजी होडगे, प्राथमिक शिक्षक, डोंगरातल्या धामणकुरण नावाच्या गावी. एस.टी. फाट्यावर सोडायची, तिथून सहा किलोमीटर चढ. शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी मुख्याध्यापिका रेडेकर बाईंकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. माझ्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू येते, असं तालुक्यात म्हणायचे. टाचणी पाडायची कुणाची छाती होती?

त्या वर्षी तालुक्यात आनंददायी शिक्षणाचं वारं आलं. आम्हा बेचाळीस शिक्षकांना तीन दिवस प्रशिक्षणाला बोलावलं. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी आम्हाला गोलात उभं केलं आणि हातात एक पिवळा चेंडू घेऊन म्हणाल्या, "याला आईसब्रेकर म्हणतात. मुलांच्या मनावर भीतीचा बर्फ असतो. शिकवण्याआधी तो फोडायचा."

शेजारच्या गावचे मंगळे गुरुजी माझ्या कानाशी लागले. "आमच्यात बर्फ लग्नातल्या सरबतालाच येतोय. तोबी भुश्शात गुंडाळून."

खेळ असा होता. ज्याच्या हातात चेंडू, त्यानं आपलं नाव सांगायचं आणि आपल्याबद्दल कुणालाच माहीत नसलेली एक गोष्ट सांगायची. मग चेंडू दुसऱ्याकडं टाकायचा. मंगळे म्हणाले, मला मधुमेह आहे. ते सगळ्या तालुक्याला माहीत होतं, कारण चहाच्या वेळी ते दर वेळी सांगायचे आणि साखरेचाच चहा प्यायचे. मी म्हणालो, मला वाचनाची आवड आहे. हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही. बाईंनी टाळ्या वाजवल्या, दुपारी पुरीभाजी झाली, आणि मी सगळं फाट्यावरच्या चढावर विसरून आलो.

पण सरकारी वारं एवढ्यावर थांबत नसतं. पंधरा दिवसांत परिपत्रक आलं. विस्तार अधिकारी बेळेकर साहेब शाळाशाळांतून फिरून हा खेळ बघणार होते. सोबत तक्ता होता, आणि तक्त्यात एक रकाना होता : 'वर्गातील मुले किती मोकळी झाली? टक्केवारी लिहा.'

रेडेकर बाईंनी परिपत्रक माझ्यापुढं सरकवलं. "होडगे, तुमच्या वर्गाचं काय लिहायचं? उणे चाळीस?"

"शिस्त म्हणजे मुलं मोकळी नाहीत असं नव्हे, बाई."

"बरं. मग ऐका. गडहिंग्लजजवळच्या शाळेत जागा रिकामी झालीय. अर्ज तुमचा आणि मंगळ्यांचा, दोघांचाच. शिफारस बेळेकर साहेबांची. आणि साहेब म्हणालेत, आधी वर्ग बघेन, मग सही करेन."

मी परिपत्रक परत पहिल्यापासून वाचायला घेतलं.

कारण गडहिंग्लजला माझं घर होतं. बायको, सुमन, तिथं टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर. तिला नोकरी सोडता येत नव्हती, मला गाव सोडता येत नव्हतं. एस.टी. स्टँडसमोरच्या दोन खोल्यांत ती, तिची आई आणि आमची साडेचार वर्षांची चित्रा राहायची. मी शनिवारी दुपारी निघायचो, संध्याकाळी पोचायचो आणि रविवारी चारच्या गाडीनं परत. पावसाळ्यात तेवढंही जमायचं नाही. चित्रा माझ्याजवळ येत नसे. मी आणलेला खाऊसुद्धा आईच्या हातून घ्यायची. मी दिसलो की दाराआड, आणि फटीतून एक डोळा.

परिपत्रक आलं त्याच्या आदल्याच रविवारी मी जेवून पान खात बसलो होतो. चित्रानं आईचा पदर ओढला आणि तिला वाटलं हळू, पण चांगलं मोठ्यानं विचारलं, "आई, हे पावणं कवा जानार?"

सुमन हसली. मग माझं तोंड बघून तिनं पाठ फिरवली. मी पिशवी उचलली आणि अर्धा तास आधीच स्टँडवर जाऊन बसलो. फलाटावर बसून मी ठरवलं, काही करून बदली घ्यायची. रोज संध्याकाळी घरात दिसलो तर पोर कितीक दिवस पाहुणा म्हणेल?

म्हणून परिपत्रक आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सव्वीस मुलांना हसण्याचा हुकूम दिला, आणि बाळू रडला.

रात्रभर विचार करून मी शहाणा झालो. तपासणीचे पाठ मी गेली अकरा वर्षं बसवत होतो. उत्तर येणाऱ्यानं उजवा हात वर करायचा, न येणाऱ्यानं डावा, हे माझ्या वर्गात बिनचूक चालायचं. मग मोकळेपणाचाच पाठ का बसवता येऊ नये? मी सव्वीस चिठ्ठ्या लिहिल्या. एकेकाला एकेक. 'मला स्वच्छता आवडते.' 'मला झाडे लावायला आवडतात.' 'मी रोज दात घासतो.' कुणालाच माहीत नसलेल्या गोष्टी सांगायच्या होत्या. या गोष्टी त्या मुलांनाही माहीत नव्हत्या, तेव्हा नियम पाळल्यासारखाच झाला.

पुण्याच्या बाईंच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, शिक्षकानेही खेळात भाग घ्यावा. मी माझ्यासाठी सत्ताविसावी चिठ्ठी लिहिली : 'मला मुले फार आवडतात.'

राहिला हसण्याचा प्रश्न. तो मी खुणेवर सोडवला.

"इकडं बघा. मी खिशातनं हा रुमाल काढला की सगळ्यांनी हसायचं. मोठ्यानं. रुमाल खिशात गेला की बंद. कळलं?"

"व्हय गुर्जी."

मी रुमाल काढला. सव्वीस तोंडं उघडली आणि "हा हा हा" असा आवाज झाला. बेचा पाढा म्हणावा तसा. रुमाल ठेवला. चिडीचूप.

रेडेकर बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "होडगे, उत्स्फूर्त म्हणजे न ठरवता."

"बाई, न ठरवता सोडली तर ही तोंडावर बोट ठेवून उभी राहतील. तेही उत्स्फूर्तच होईल."

"नाही, मी आपलं म्हटलं," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

चेंडू मिळवणं हे एक वेगळंच काम झालं. शाळेचा रबरी चेंडू कपाटात होता, पण तो जडसंग्रहाच्या, म्हणजे सरकारी मालाच्या, नोंदवहीत चढवलेला. फुटला किंवा हरवला तर खुलासा लिहावा लागला असता. म्हणून दहा वर्षं तो नवाच होता. शेवटी शालन तेजम नावाच्या चौथीतल्या मुलीनं घरून चिंध्यांचा चेंडू आणला. ही शालन हाडापेरानं मोठी, केस कायम पिंजारलेले, आणि वर्गात अक्षरही न बोलणारी. तिच्या चिठ्ठीवर मी 'मला स्वच्छता आवडते' लिहिलं होतं.

चार दिवस तालीम चालली. चेंडू फिरायचा, मुलं चिठ्ठ्या म्हणायची, मी रुमाल काढायचो, ती हसायची. पाचव्या दिवशी चेंडू शालनच्या हातात आला. तिनं नाव सांगितलं, स्वच्छता आवडत असल्याचं सांगितलं, आणि चेंडू माझ्याकडं टाकला. अंमळ जोरातच. तो माझ्या चष्म्यावर बसला. मी चष्मा सावरला, चेंडू उचलला.

"मी आप्पाजी होडगे," मी म्हणालो, "आणि मला..."

पुढचं आठवेना. इतरांच्या सव्वीस चिठ्ठ्या पाठ होत्या, माझीच गेली. मी आढ्याकडं बघितलं, फळ्याकडं बघितलं. मला. मला काय?

वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आणि त्या शांततेत शालन कळवळून म्हणाली, "मुलं आवडत्यात म्हना की, गुर्जी! येवडं कसं याद ऱ्हात न्हाई?"

मग बाळूच्या नाकातून फुस्सकन आवाज आला, आणि सगळा वर्ग फुटला. पोटं धरून, एकमेकांच्या अंगावर पडून मुलं हसायला लागली. रुमाल माझ्या खिशातच होता. माझा हात सवयीनं टेबलावरच्या छडीकडं गेला. मग ध्यानात आलं, हेच तर मी आठवडाभर मागत होतो. हसल्याबद्दल आता मारायचं कुठल्या तोंडानं? छडी नुसती उचलून खाली ठेवली, आणि माझ्याच मिशीत मला हसू यायला लागलं. फार वर्षांनी आलं असावं, गाल दुखले.

त्या दिवसानंतर वर्ग माझ्या हातचा गेला. पोरं चेंडू टाकताना "गुर्जी, समाळा चष्मा" असं ओरडायची. कुणी चिठ्ठी विसरला की बाकीचे मुद्दाम चुकीचं सांगायचे. बाळूनं एकदा "मी रोज दात घासतो"ऐवजी "मी रोज बैल घासतो" म्हटलं, आणि ते खरं निघालं. मी दटावायचो, पण दटावण्यात दम उरला नव्हता. छडी आपली आपणच कपाटामागं जाऊन पडली. मला वाटायचं, हे ठीक आहे, साहेब येतील त्या दिवशी तेवढी चिठ्ठ्यांप्रमाणं वागली म्हणजे झालं.

साहेब गुरुवारी आले, तेही दीड तास उशिरा. गावच्या वेशीवर वहाळ आहे. पाऊस होऊन गेलेला, तरी पाणी गुडघ्याला लागेल न लागेल एवढंच. पण साहेब तो न ओलांडता वरच्या अंगाच्या लाकडी साकवावरून तीन किलोमीटरचा वळसा घालून आले होते. घामानं निथळत होते. रेडेकर बाईंनी पाणी दिलं, चहा दिला.

"बदलीवाले होडगे तुम्हीच ना?" साहेबांनी रुमालानं मान पुसत विचारलं.

"हो साहेब."

"बघू वर्ग."

सुरुवात फार छान झाली. चेंडू फिरला. झाडं लावणं झालं, वाचन झालं, थोरामोठ्यांचा आदर झाला. मी रुमाल काढला, मुलं हसली. साहेबांनी तक्ता काढून मांडीवर घेतला. मला गडहिंग्लजचं स्टँड दिसायला लागलं.

मग साहेबांना काय वाटलं कोण जाणे. ते उठले आणि गोलात येऊन उभे राहिले. "मलाही घ्या खेळात."

कुणीतरी चेंडू टाकला. साहेबांनी तो दोन्ही हातांत धरला.

"मी गजानन बेळेकर," ते म्हणाले. आवाज उतरला होता. "माझ्याबद्दल कुणाला माहीत नाही ते सांगतो. मला पाण्याची भीती वाटते. लहानपणी विहिरीत पडलो होतो. अजून वाहतं पाणी बघितलं की पाय उचलत नाही. आजसुद्धा मी त्यामुळंच..."

आता माझी चूक अशी, की मी साहेबांच्या बोलण्यात गुंगून गेलो. इतका मोठा माणूस, असं काही बोलेल असं वाटलं नव्हतं. वर्गात उकडत होतं. कपाळावरून घामाची धार चष्म्यात उतरली आणि मी खिशात हात घालून रुमाल काढला.

सव्वीस मुलं खदाखदा हसली.

साहेबांचा चेहरा लाल झाला. मी घाबरून रुमाल हलवून "नाही, नाही" करायला लागलो, तशी मुलं आणखी मोठ्यानं हसली. रुमाल तर बाहेरच होता.

"हसायला काय झालं?" साहेब म्हणाले. "यात हसण्यासारखं काय आहे?"

मी जमिनीकडं बघत होतो. महिन्याभरापूर्वी हा प्रश्न आला असता तर एकही मूल बोललं नसतं, आणि मी वाचलो असतो. पण शालन पुढं आली.

"तुमास्नी न्हाई वो हसलो, सायेब. गुर्जींनी रुमाल काडला न्हवं."

"रुमालाचं काय?"

"रुमाल काडला की हसायचं हाय. ठेवला की गप. आट दिस करून घेत्यात."

"आनि ह्या चिट्ट्या," बाळूनं खिशातून चुरगळलेला कागद काढून साहेबांच्या हातात दिला. "तुमी आल्यावर बगून म्हनायचं न्हाई म्हनून पाट केल्या."

मग एकेक जण चिठ्ठी काढून द्यायला लागला. काही लपवायचं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. साहेबांच्या ओंजळीत माझ्या वळणदार अक्षरातल्या पंचवीस-सव्वीस चिठ्ठ्या जमल्या. दारातल्या रेडेकर बाईंनी कपाळाला हात लावला. आलीया भोगासी म्हणत मी भिंतीला टेकलो.

साहेबांनी शालनची चिठ्ठी वाचली. तिच्या पिंजारलेल्या केसांकडं बघितलं. "तुला स्वच्छता आवडते?"

"न्हाई."

"मग काय आवडतं?"

"खेकडी धरायला."

"चावत नाहीत?"

"मागनं धरायचं, सायेब. नांग्या म्होरं ऱ्हायल्या पायजेत. असं." तिनं चेंडू उचलून दाखवलं. त्या भागात मुलीसुद्धा मुलग्यांसारखंच 'मी येतो, मी जातो' बोलतात, त्या बोलीत ती म्हणाली, "तुमी जाताना वहाळातनं जावा. मी धरतो तुमचा हात. गुडग्याएवडंच पानी हाय. आमची म्हसबी भीत न्हाई."

यावर वर्ग हसला. मी दोन्ही हात खिशापासून लांब, बाजूला धरले होते. साहेबांनी माझ्या हातांकडं नीट बघून घेतलं, आणि तेही हसले.

"होडगे गुरुजी," ते म्हणाले, "तुमची पाळी राहिली." चेंडू माझ्याकडं आला. "आणि चिठ्ठी नको."

सत्यानाश झालेलाच होता. आता खोटं बोलूनही काही मिळणार नव्हतं. मी चेंडू धरला आणि बोललो.

"मी आप्पाजी होडगे. मला एक मुलगी आहे. चित्रा. साडेचार वर्षांची. मी आठवड्यातनं एकदा घरी जातो. ती मला पाहुणा म्हणते. आईला विचारते, हे पावणं कधी जाणार."

हे मी सुमनशीही कधी बोललो नव्हतो. माझा हात खिशाकडं निघाला, तो मी मध्येच थांबवला. चष्म्याआडून दिसेनासं झालं. कुणी हसलं नाही. मुलं माझ्याकडं बघत होती. मारकुट्या गुरुजींनाही घर असतं, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

"मग तिला हितंच आना की, गुर्जी," शालन म्हणाली. "आमी हाय न्हवं खेळायला."

साहेब त्या दिवशी वहाळातून गेले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हाताला शालन, दुसऱ्या हाताला बाळू, आणि मागंपुढं सगळा वर्ग. "हितं पाय ठेवा सायेब, हितं शेवाळ हाय" असा गलका चालला होता. मध्यावर साहेब एकदा थांबले आणि डोळे मिटून घेतले. पण गेले. पलीकडच्या काठावरून त्यांनी हात केला. मी अलीकडं त्यांचे बूट धरून उभा होतो. ते बाळूनं पोचवले.

आठ दिवसांनी अहवाल आला. रेडेकर बाईंनी आधी एकटीनं वाचला, मग मला खुर्चीत बसवलं.

"वाचते. 'इयत्ता तिसरी व चौथी. मुले किती मोकळी झाली : शंभर टक्के.'"

मी खुर्चीतून उठलोच. "शंभर?"

"बसा. पुढं आहे. 'इतका मोकळा वर्ग तालुक्यात अन्यत्र आढळला नाही. अधिकाऱ्यासमोर खरे बोलणारी मुले ही शिक्षकाच्या कामाची पावती होय. श्री. होडगे यांच्यासारख्या शिक्षकाची दुर्गम भागास नितांत गरज असल्याने, त्यांना सदर शाळेतून हलवू नये अशी आग्रहाची शिफारस करीत आहे.'"

बाहेर मुलं अंगणात ओरडत होती. बाईंनी कागदाची घडी घातली. "अभिनंदन म्हणू की नको, मला कळेना, होडगे."

"आणि गडहिंग्लज?"

गडहिंग्लज मंगळ्यांना मिळालं. त्यांच्या वर्गात साहेबांनी चेंडू टाकला तो कुणी झेललाच नाही म्हणे. भिंतीला लागला आणि खाली पडला. पोरं तोंडावर बोट ठेवून उभी. साहेबांनी लिहिलं, 'सदर शिक्षकाचा या गावी जम बसलेला नाही. सोयीच्या ठिकाणी संधी देऊन पाहावे.' मंगळे मला पेढे द्यायला सहा किलोमीटर चढून आले. "देवच पावला बगा होडगे. एक पोरगं शब्द बोललं न्हाई. एकजण जरी बोललं असतं तर माजं काय खरं नव्हतं." मधुमेह असून त्यांनी स्वतःही दोन खाल्ले. मी एक खाल्ला. कडू लागला असं म्हणायला हवं, पण पेढा चांगला होता.

त्या रविवारी मी सुमनला सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, रुमाल, शंभर टक्के. तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "ती खेकडीवाली पोरगी काय म्हणाली म्हणालात?"

"तिला इथंच आणा."

"मग आणू की. माझी चार दिवसांची रजा शिल्लक आहे."

अशी चित्रा धामणकुरणला आली. सहा किलोमीटरांपैकी पाच आईच्या कडेवर, एक माझ्या खांद्यावर. खांद्यावर बसताना तिनं मला नाही, माझ्या छत्रीला धरलं होतं.

सोमवारी सकाळी सुमन तिला वर्गाच्या दारापर्यंत घेऊन आली. चित्रा आईच्या मागं, एक डोळा बाहेर. मुलं आपणहून गोलात उभी राहिली. शालननं येऊन चित्राचा हात धरला, आपल्या शेजारी तिला उभं केलं आणि चिंध्यांचा चेंडू फिरायला लागला. आता चिठ्ठ्या नव्हत्या. कुणी सांगितलं, मी आजीची तपकीर ओढली. कुणी सांगितलं, अंधारात मला भ्या वाटतंय. बाळू म्हणाला, मी गुर्जींची छडी कपाटामागनं काढून वहाळात सोडली. ती हरवली कुठं ते मला त्या दिवशी कळलं.

मग शालननं चेंडू चित्राच्या ओंजळीत ठेवला. "नाव सांग. आनि कुनालाच म्हाईत न्हाई आसलं येक सांग."

चित्रानं चेंडूकडं बघितलं. मग शालनकडं. माझ्याकडं बघितलं नाही.

"मी चित्रा होडगे," ती म्हणाली. "आमच्यात एक पावणं येत्यात. त्ये कवा जानार म्हनून मी आईला इचारतो."

मी खाली बघायला लागलो. शालननं विचारलं, "कशाला इचारतीस?"

"मग मला खिडकीत चडाय येळ लागतो. गाडी वळंपतूर दिसत्यात त्ये. येकदा मला उशीर झाला, तर दिसलंच न्हाईत."

दारात सुमन चौकटीला धरून उभी होती. तिलाही हे माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

चित्रानं हात मागं नेला आणि चेंडू माझ्याकडं टाकला. जेमतेम माझ्या पायाशी आला. मी वाकून उचलला. सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता, आणि आता तीही.

"मी आप्पाजी होडगे," मी म्हणालो, "आणि मला..."

पुढं बोलता येईना. मुलांना वाटलं, गुरुजी परत विसरले. सव्वीसच्या सव्वीस जणांनी एका सुरात सांगितलं, "मुलं आवडत्यात!"

मी मान हलवली. चष्मा काढला. दुसरा काही इलाजच नव्हता म्हणून मी खिशात हात घातला आणि डोळे पुसायला रुमाल काढला.

शिकवलेलं ती मुलं विसरत नसत. सगळा वर्ग खदाखदा हसला. चित्रानं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या रुमालाकडं, आणि तीही हसायला लागली. मी रुमाल बराच वेळ खिशात ठेवला नाही.